ट्रक कॅम्परने टुक्टोयाक्टुकपर्यंत जाण्याचा बेत : भार, टायर आणि ऋतूबद्दल मार्गदर्शन हवे

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त झालो आहे. माझा मुलगा कॅल्गरीत नोकरीला असून त्याच्याकडे चार दारांचा पिकअप ट्रक आहे. त्याच्या हौद्यात बसवता येईल आणि लागेल तेव्हा उतरवून ठेवता येईल असा एक जुना, पण चांगल्या स्थितीतला कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची फिरती खोली, त्याने पाहून ठेवला आहे. येत्या उन्हाळ्यात मी, पत्नी, मुलगा आणि सून अशा चौघांनी कॅल्गरीहून निघून डॉसन क्रीक, व्हाइटहॉर्स आणि डॉसन सिटी या मार्गाने जावे, तिथून डेम्पस्टर महामार्गाने इनुविक गाठावे आणि पुढे टुक्टोयाक्टुकला आर्क्टिक महासागराच्या काठावर पोहोचावे, असा बेत आहे.

मुलाचा ट्रक तिकडे ज्याला 'पाऊण टनी' म्हणतात त्या वर्गातला आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर माणसे आणि सामान मिळून १,४०० किलोंची मर्यादा लिहिलेली आहे. कॅम्परच्या पाटीवर १,१५० किलो असे वजन आहे. मुलाच्या मते २५० किलो शिल्लक राहतात आणि तेवढे पुरेसे आहेत. मी मात्र आयुष्यभर कारखान्याच्या काट्यावर ऊसगाड्या तोलताना पाहिल्या आहेत; कागदावरचे वजन आणि काट्यावरचे वजन यांत किती अंतर असते हे मला ठाऊक असल्याने मन स्वस्थ होत नाही. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांनी कृपया भाराबद्दल, टायरांबद्दल आणि कोणत्या महिन्यात जावे याबद्दल सांगावे. अलास्काही याच फेरीत करावे का, आणि मला तिथे थोडे वाहन चालवता येईल का, हेही विचारून ठेवतो. पत्नीला रक्तदाबाचे औषध चालू आहे.

घाटवाट (सातारा)

काका, नमस्कार. साताऱ्यात आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे आणि भाऊ एडमंटनला असल्यामुळे त्याच्याबरोबर हा रस्ता टुक्टोयाक्टुकपर्यंत पाहिला आहे. आपली शंका अगदी योग्य आहे, आणि कॅम्परचा व्यवहार पुरा होण्याआधी ती मुलापर्यंत पोहोचणे फार आवश्यक आहे.

दारावरच्या पट्टीवरील आकड्यात चालकासह सगळी माणसे धरलेली असतात. चौघांचे वजन मिळून २८० किलो धरले, तर टाकीत थेंबभर पाणी न भरता आणि एकही पिशवी न ठेवता आपण १,४३० किलोंवर पोहोचता, म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली जाते. त्यात पाण्याच्या टाकीचे १३० लिटर म्हणजे १३० किलो, भरलेल्या दोन गॅस टाक्यांचे सुमारे ३५ किलो आणि दोन बॅटऱ्यांचे सुमारे ५० किलो मिळवा. अंथरूण, कपडे, शिधा, भांडी, हत्यारे आणि जादा चाक यांचे १५० किलो धरले, तर एकूण भार १,८०० किलोंच्या आसपास जातो. चारशे किलोंचा हा जादा भार आपल्या मुलाला दिसत नाही, कारण कॅम्परच्या पाटीवरचे वजन बहुतेक वेळा रिकाम्या कॅम्परचे असते आणि छतावरचा वातानुकूलक, सावलीचा पडदा, जनरेटर अशा नंतर बसवलेल्या वस्तू त्यात धरलेल्या नसतात.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एअर बॅग, म्हणजे हवा भरलेली आधाराची पिशवी, लावली की भागते, असे विकणारा हमखास सांगतो. एअर बॅगने गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि डोलणे कमी होते, पण धुरा, ब्रेक, रिम आणि टायर यांची ताकद जेवढी आहे तेवढीच राहते. आपल्याकडे पाटे वाढवून खंबाटकी घाटात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक का तापतात याचे कारण हेच आहे, आणि उत्तरेत ब्रेक निकामी झाले तर मदत यायला एखादा दिवसही लागू शकतो.

भार किती आहे याइतकेच तो कुठे पडतो हेही पाहावे लागते. कॅम्परच्या बाजूला त्याचा गुरुत्वमध्य दाखवणारी खूण असते. तो हौद्यात बसवल्यावर ती खूण मागच्या धुऱ्याच्या पुढेच यायला हवी. ती मागे गेली तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखे वाटते आणि खडीच्या रस्त्यावर गाडी वळणाबाहेर ओढली जाते. हौद्यात जाड रबरी चटई घालावी, म्हणजे कॅम्पर सरकत नाही. कॅम्पर ट्रकला बांधून ठेवणाऱ्या चारही कोपऱ्यांच्या ताणसळ्यांचे पेच खडीच्या रस्त्यावर ढिले होतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर खाली उतरून हाताने ताण पाहावा.

माझा सल्ला असा आहे की या ट्रकसाठी हा कॅम्पर घेऊ नये. छत वर उचलले की कापडी भिंती उघडतात असे पॉप-अप कॅम्पर मिळतात आणि त्यांतले अनेक ७०० किलोंच्या आत असतात. त्यात आपण उभयतांनी झोपावे आणि मुलगा-सुनेने शेजारी तंबू लावावा किंवा मोठ्या गावांत खोली घ्यावी. चौघांनी आतच झोपायचे असेल तर मागे जोडचाके असलेला एक टनी ट्रक लागेल. कोणताही पर्याय घेतला तरी निघण्यापूर्वी पाणी, गॅस, इंधन आणि माणसांसह गाडी काट्यावर घालावी, आणि पुढच्या व मागच्या धुऱ्यांचे वजन वेगवेगळे घ्यावे. आल्बर्टात महामार्गांवर वजनकाटे आहेत आणि मालगाड्यांच्या थांब्यांवरही पैसे देऊन वजन करता येते.

उत्तरायण (व्हँकूवर, मूळ गाव कराड)

घाटवाट यांनी भाराबद्दल जे लिहिले आहे त्याला माझी पूर्ण संमती आहे, म्हणून मी रस्त्याबद्दल लिहितो.

डॉसन क्रीकहून निघणारा अलास्का महामार्ग १९४२ साली युद्धाच्या गरजेतून बांधला गेला आणि आज तो डांबरी आहे. तिथे तुम्हाला अंतराखेरीज फारशी अडचण येणार नाही. खरी परीक्षा डेम्पस्टरवर आहे. तो डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर सुरू होतो आणि इनुविकपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर जातो. सुरुवातीचा छोटा तुकडा सोडला तर तो जवळजवळ सगळा खडीचा आहे. पुढचा इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी त्या गावाला हिवाळ्यात बर्फावरूनच रस्ता असे.

हा रस्ता डांबरी का करत नाहीत, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. खालची जमीन बारमाही गोठलेली आहे आणि उष्णता लागली की ती वितळून खचते, म्हणून जाड खडीचा भराव टाकून त्यावर रस्ता केलेला आहे. काही ठिकाणी हा भराव दोन मीटरांहून जास्त आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की रस्त्याच्या कडेला भरावाचा उतार आहे आणि त्यापलीकडे दलदल आहे. वजनदार कॅम्पर घेऊन कडेला गाडी घालू नये. थांबण्यासाठी खास रुंद केलेल्या जागीच थांबावे.

युकॉन या कॅनडाच्या वायव्येकडील प्रदेशातल्या भागात टोकदार पाटीचा दगड वापरलेला आहे आणि टायर तिथेच फाटतात. प्रवासी मोटारीचे टायर चालणार नाहीत. हलक्या ट्रकांचे दहा प्लाय दर्जाचे (म्हणजे जास्त भार पेलणारे), भरपूर नक्षी शिल्लक असलेले टायर हवेत आणि रिमसह दोन जादा चाके असावीत. त्यामुळेही भार वाढतो, हे हिशेबात धरावे. ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि समोरून मालट्रक आला की वेग अगदी कमी करावा, म्हणजे काचेवर येणाऱ्या दगडाचा जोर कमी होतो. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा चिखल सिमेंटसारखा गाडीच्या तळाला घट्ट बसतो, म्हणून गावात पोहोचल्यावर खालून पाणी मारून धुवावे. धूळ कॅम्परच्या मागच्या दारातून आत ओढली जाते. मागची झडप बंद ठेवून पुढच्या तोंडाची छतावरची झडप थोडी उघडी ठेवली, तर आत हवेचा दाब राहतो आणि धूळ पुष्कळच कमी येते.

इंधन डॉसन सिटीतच पूर्ण भरावे, कारण महामार्गाच्या ३६९व्या किलोमीटरवरच्या ईगल प्लेन्सपर्यंत वाटेत पंप नाही. त्यानंतर फोर्ट मॅकफर्सनला आणि मग इनुविकला इंधन मिळते. ४०५व्या किलोमीटरवर आर्क्टिक वृत्ताची खूण आहे. पुढे पील आणि मॅकेंझी या दोन नद्या गाडी तराफ्यावर घालून ओलांडाव्या लागतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, पण पुराचे पाणी किंवा वादळी वारा असला तर तासन् तास थांबावे लागते. मे महिन्यात बर्फ फुटत असताना बर्फाचा रस्ताही नसतो आणि तराफाही नसतो, म्हणून जूनच्या मध्याआधी तिथे पोहोचण्याचा बेत करू नये.

ऋतूविषयी माझे मत स्पष्ट आहे : ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा. जून-जुलैत डासांचे आणि माश्यांचे थवे इतके असतात की बाहेर बसून घासभर खाणे कठीण होते. ऑगस्टअखेर डेम्पस्टरवरच्या टॉम्बस्टोन परिसरातला टुंड्रा (झाडे नसलेला थंड माळ) लाल-पिवळा होतो, रात्र परत आलेली असते आणि आकाश निरभ्र असेल तर ध्रुवप्रकाशही दिसू शकतो.

अलास्का या फेरीत नको. त्यासाठी अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतो; टुक्टोयाक्टुकचा संपूर्ण मार्ग कॅनडातच आहे.

घाटवाट (सातारा)

ऋतूबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. इनुविकला मेअखेरपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे ५६ दिवस सूर्य मावळत नाही. आपल्या अक्षांशावर आयुष्य काढलेल्या माणसाने एकदाच इतक्या उत्तरेला जायचे असेल, तर मध्यरात्री क्षितिजावर टेकून पुन्हा वर चढणारा सूर्य न पाहता परतणे मला पटत नाही. डासांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी आणि चांगले मलम मिळते. शिवाय सतत उजेड असल्यामुळे गाडी बिघडली तरी अंधारात अडकण्याची भीती राहत नाही, आणि वयस्क माणसे बरोबर असताना हा मुद्दा लहान नाही. हॉटेलाच्या खोल्या उशिरा मिळत नाहीत; त्या आधी ठरवाव्यात.

मिरजेचे औषधालय (मिरज)

मी मिरजेत वैद्यकीय व्यवसाय करते. आपल्या पत्नीची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरून उरतील इतकी, मूळ वेष्टनात आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत, आणि त्यांतला निम्मा साठा कॅम्परमध्ये न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावा. विमा घेताना रक्तदाब लपवू नये. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण आहे का आणि दुर्गम भागातून विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे दोन मुद्दे लेखी विचारून घ्यावेत. इनुविकला रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला तिथून दक्षिणेकडे हलवावे लागू शकते. डेम्पस्टरच्या बहुतांश भागात मोबाइल चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र बरोबर असावे.

कॅम्परमधल्या गॅसबद्दल विशेष सांगते. थंडीमुळे सगळ्या झडपा बंद करून शेगडी पेटती ठेवून ऊब घेण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळण्याआधीच तो बेशुद्ध होतो. कॅम्पर जुना असल्यामुळे त्यातले धोकासूचक यंत्र मुदतीतले आहे का ते तळाची तारीख वाचून पाहावे आणि शंका असली तर नवे बसवावे. उजेडाच्या दिवसांत गेलात तर खिडक्यांना जाड काळे पडदे लावा. झोप मोडली की रक्तदाब वाढतो आणि चालकाचेही लक्ष राहत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. घाटवाट यांचा हिशेब मी मुलाला जसाच्या तसा पाठवला. त्याने पट्टी पुन्हा वाचली, तेव्हा त्या आकड्यात माणसेही धरलेली आहेत हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्या कॅम्परचा व्यवहार थांबवला आहे. आता तो पॉप-अप कॅम्पर शोधत आहे. पत्नीने मध्यरात्रीच्या सूर्याचे नाव काढल्यामुळे आम्ही जूनचा शेवटचा आठवडा धरला आहे. उत्तरायण यांनी क्षमा करावी. दोन शंका उरल्या आहेत. मुलगा-सून तंबूत झोपणार असतील तर अस्वलांचे काय, आणि मी गाडी चालवण्याबद्दल विचारले होते त्याचे काय?

उत्तरायण (व्हँकूवर, मूळ गाव कराड)

क्षमेचा प्रश्नच नाही. जाळ्या मात्र चौघांसाठी घ्या.

अस्वले त्या भागात आहेत आणि ती वासावर येतात. फोडणीचा वास किती दूर जातो हे आपल्याला सांगायला नको. तंबूपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून स्वयंपाक करावा, शिधा, खरकटे आणि दात घासण्याची पेस्टसुद्धा ट्रकमध्ये किंवा मुक्कामाच्या जागी दिलेल्या लोखंडी पेट्यांत बंद करावी, आणि तंबूत खाण्याची एकही वस्तू नेऊ नये. युकॉन सरकारच्या छावणीतळांवर मुक्काम केला तर सोबत असते आणि अस्वल फिरत असल्याची सूचनाही मिळते. अस्वल रोखण्याचा फवारा कॅनडातच विकत घ्यावा, कारण विमानात तो नेता येत नाही. तो हाताशी ठेवावा आणि कसा वापरायचा ते सर्वांनी शिकून घ्यावे.

गाडी चालवण्यासाठी सांगलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवानाही बरोबर लागतो. मुलाच्या गाडीच्या विम्यात आपले नाव चालक म्हणून चालते का, हे विमा कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय चाकाला हात लावू नये. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे असते, म्हणून आधी कॅल्गरीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर कॅम्परसह सराव करावा आणि डेम्पस्टर मुलाकडेच सोपवावा. निघायच्या दिवशी सकाळी डॉसन सिटीतून युकॉनच्या ५११ या रस्ता माहिती सेवेवर पाहावे आणि पील व मॅकेंझी या दोन्ही तराफ्यांची स्थिती कळल्यावरच निघावे.