मोल कन्सेप्ट आणि लिमिटिंग रिएजंट कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचीचं हायस्कूलचं केमिस्ट्री सुरू झालंय आणि घरात सायन्स घेतलेला मीच एकटा म्हणून तिचा अभ्यास माझ्या गळ्यात पडलाय. अणूची रचना, पीरिऑडिक टेबल, आयनिक-कोव्हॅलंट बाँड इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, समीकरणं बॅलन्स करायला तर तिला भारी आवडतं. पण मोल आलं आणि तिथेच अडलंय.

व्याख्या पाठ आहे, एक मोल म्हणजे ६.०२२ × १० चा २३वा घात इतके कण वगैरे. वस्तुमान भागिले मोलर मास (एका मोलचं वजन) हेही येतं, सरळ गणित असेल तर सोडवते. पण पाण्याची रिएक्शन घेतली, हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २, तर म्हणे "मामा, २ आणि १ मिळून २ कसे? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम गेला कुठे?" रेणूंची संख्या बदलू शकते, अणू तेवढेच राहतात, दोन्हीकडचे मोजून बघ असं सांगितलं, ते पटलं.

खरी अडचण पुढची आहे. १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन दिलाय, आधी काय संपेल, म्हणजे लिमिटिंग रिएजंट कोणता? तिचं उत्तर हायड्रोजन, कारण तो दुप्पट लागतो. मी मोल काढून दाखवले (५ आणि साधारण ०.३१), मान डोलावली, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पटलेलं नाहीये. गणित न करता आतून कळेल असं काही आहे का? आणि हे तात्पुरतं सोडून ॲसिड-बेस आधी घेतलं तर चालेल का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
मोल हा शब्दच थोडा वेळ बाजूला ठेवा. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा १६ पट जड, म्हणून सारख्या वजनात हायड्रोजनचे रेणू १६ पट जास्त. बारीक आणि जाड खिळे एकेक किलो घेतले तर बारीक जास्त येणारच ना, तसंच. आता गरज फक्त दुप्पट आणि हाताशी आहेत १६ पट, म्हणजे हायड्रोजनचा आठवा हिस्सा वापरला जाणार, १.२५ ग्रॅम. बाकी ८.७५ उरला, पाणी ११.२५ ग्रॅम, बेरीज २०. तिचा वस्तुमान अक्षय्यतेचा नियमही जागेवर आहे :) समीकरणातले आकडे नगांचे असतात, ग्रॅमचे नाहीत, एवढं डोक्यात बसलं की झालं.

आणि ॲसिड-बेस आधी घेऊ नका. काँसन्ट्रेशन, टायट्रेशन, पीएच, सगळीकडे मोल लागतातच, मग तिकडेही परत इथेच येऊन अडेल.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते कागदावर कितीही समजावलं तरी हा विषय हाताने केल्याशिवाय पटत नाही. ५ टक्केवालं व्हिनेगर दरवेळी ५० मिली घ्या, त्यात खायचा सोडा टाकायचा, आधी १ ग्रॅम मग नव्या व्हिनेगरमध्ये २ ग्रॅम असं ६ पर्यंत, आणि बाटलीच्या तोंडाला फुगा. साधारण साडेतीन ग्रॅमपर्यंत फुगा मोठा होत जाईल, नंतर कितीही सोडा टाका, तेवढाच. तो साडेतीनचा आकडा तिला आधी काढायला लावा: ॲसिड अडीच ग्रॅम, मोलर मास ६०, सोड्याचा ८४, प्रमाण एकास एक.

धागाकर्ता
१६ पटवालं आत्ताच सांगितलं, लगेच म्हणाली "मग ८० ग्रॅम ऑक्सिजन दिला तर दोन्ही एकदम संपतील!" बरोबर आहे की! फुग्याचंही करतो. सोडा आधी फुग्यात भरायचा ना?

प्रतिसाद २
हो, फुग्यात सोडा, मग फुगा बाटलीवर चढवून उलटा करायचा. बाटली प्लॅस्टिकची घ्या, आणि फुगे दरवेळी त्याच साइजचे.