मदत हवी आहे: तान्हेपणी खूप रडणारं लेकरू, आता दुसरीत लक्षच लागत नाई

नमस्कार ताई-दादाहो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, कोरडवाहू शेती, कपाशी अन् तूर. मोठी पोरगी पाचवीत अन् मुलगा दुसरीत, सात वर्षं झाले त्याले. विचारायचं त्याच्याबद्दल हाय.

परवा मॅडमनं शाळेत बोलावलं. रागावल्या नाईत, पण म्हणे हा बसतच नाई, तीन ओळी लिहिल्या का चौथी सोडून खिडकीत, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला का संपलं. घरी बी तेच. तेल अन् साखर आणाले पाठवलं तं साखर घेऊन येते अन् तेलाचे पैसे खिशातच. मोटर बंद कर म्हटलं तं वाटेत कोणाचं वासरू दिसलं का तिकडंच, इकडं टाकी भरून अंगणभर पाणी. मुद्दाम नाई करत तो, विचारलं का चेहरा एवढासा होते त्याचा.

हा तान्हा होता तवापासूनच वेगळा. पोरगी पाळण्यात टाकली का झोपे. हा कुकरच्या शिटीनं दचकून तासभर रडे, आंघोळीले रडे, कपडे बदलले तरी रडे, झोपेचा टाइम कधी ठरलाच नाई. सासूबाईनं किती येळा मीठ-मिरच्या ओवाळल्या. कापूस वेचाले गेलो तं धुऱ्यावरच्या निंबाले झोळी बांधायची मी, पण त्यात टिकत नव्हता, कडेवर घेऊन रस्त्यावर आणलं अन् बंडी, म्हशी, ट्रॅक्टर दिसले का चूप. जे हलते ते पायजे त्याले. आता शाळेत त्याच ट्रॅक्टरापायी बोलणे खाते, हे मनात आलं अन् रातभर झोप नाई लागली.

घरचे म्हणतात तवाच दिसत होतं. जाऊबाई म्हणे तू लय कडेवर घेतलं म्हणून असा झाला. कोणी म्हणते मोबाइल. मोबाइल पाहते तो, खोटं कायले बोलू, सैपाक होईस्तोवर मीच देते.

तान्हेपणीच्या स्वभावाचा अन् आताचा खरंच संबंध असते काय? माह्या हातून काई चुकलं काय? अन् दाखवायचं तं कुठं? नागपूरले न्यायचं तं मजुरी बी बुडते अन् भाडं बी जाते. एका ठिकाणी दाखवलं होतं तं दोन मिनिटांत टॉनिक लिहून दिलं, लेकराकडे पाहिलं बी नाई.

उत्तर १
ताई, मी अमरावतीला बालमानसशास्त्र शिकले, डॉक्टर नाही. आधी एक गोष्ट, कडेवर घेतल्यानं कोणतंही मूल असं होत नाही. रडणाऱ्या बाळाला उचललंत ते बरोबरच केलंत.

जन्मापासून प्रत्येक बाळाचा स्वभाव वेगळा असतो. थॉमस आणि चेस या डॉक्टर नवरा-बायकोनं न्यूयॉर्कमध्ये 1956 पासून शंभराहून जास्त मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. साधारण 40 टक्के बाळं सोपी, 15 टक्के हळूहळू रुळणारी, आणि 10 टक्के तुमच्या मुलासारखी म्हणजे झोपेचा ठिकाणा नाही, बदल नको, रडणं मोठं. बाकीची कशातच न बसणारी. त्यांचं म्हणणं असं की नुसता स्वभाव अवघड असून बिघडत नाही, घर आणि शाळा यांचा त्या स्वभावाशी मेळ बसतो का ते महत्त्वाचं.

आता संबंधाचं. फार चुळबुळी आणि चिडणारी बाळं घेतली तर त्यांच्यात पुढे लक्षाच्या अडचणी जरा जास्त दिसतात, हे खरं आहे. पण अशा बहुतेक बाळांना पुढे एडीएचडी (लक्ष न टिकणं, फार चुळबुळ, विचार न करता वागणं असा त्रास) होत नाही, त्यामुळे ‘तवाच दिसत होतं’ असं कोणाला म्हणता येणार नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइल कमी करा, झोपेआधी तर नकोच, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका.

आणि नुसतं शाळेत लक्ष नाही म्हणून एडीएचडी म्हणत नाहीत. 12 वर्षांच्या आत सुरू झालेलं हवं, सहा महिने तरी टिकलेलं हवं आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला हवं. त्याआधी कान, डोळे, झोप आणि हिमोग्लोबिन तपासा. ऐकू कमी येणारं किंवा रक्त कमी असलेलं मूल वर्गात अगदी असंच दिसतं. त्याचा कान कधी वाहायचा का? घरात अजून कोणी असं होतं का?

उत्तर २
ताई, मी अंगणवाडी सेविका हाय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते ना, 2013 पासून चालू हाय तो, 18 वर्षांपर्यंतच्या लेकराईसाठी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा अन् शाळेत एकदा तपासणी असते. त्या डॉक्टरले शाळेतलं, मोटरचं सगळं सांगा, ते चिठ्ठी देतात अन् जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसीत, म्हणजे लेकराईच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्रात पाठवतात. फुकट हाय. गाडी येईस्तोवर थांबू नका, आशाताईले घेऊन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जा.

धागाकर्ती
ताई, कान वाहत होता! चार वर्षांचा असताना, दोन पावसाळे. गरम तेल टाकलं होतं तवा. अन् त्याचे बाबा लहानपणी असेच होते म्हणे, सासूबाईनंच सांगितलं, बैल सोडून देऊन पाखरं पाहत बसत. आज त्याच्या मागं उभं राहून हळू आवाज दिला तं एकदा वळला, दोनदा नाई. सोमवारी पीएचसीत जातो. तवर शाळेत काय सांगू?

उत्तर १
कानात तेल आता अजिबात नको. जाताना बाळंतपणाचे आणि लसीचे कागद न्या, आणि मॅडमकडून काय दिसतं ते चार ओळींत लिहून घ्या. तोपर्यंत खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवायला सांगा. एका वेळी एकच काम सांगायचं, समोर बसून, तोंडाकडे पाहून, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं. लिहिणं दहा-दहा मिनिटांचं. काम पुरं केलं की लगेच तिथंच शाबासकी. कानाचं काय निघालं ते कळवा, मी वाट पाहते.