घरचा बटाटा: लावणं जमतं, पावसाळ्यापर्यंत ठेवता का? कोल्हापूरकरांचे अनुभव

कोल्हापुरात घरी बटाटा लावणाऱ्यांनी इथं आपापला अनुभव लिहावा. बेणं कुठलं, लावता कधी, पोत्यात की वाफ्यात, आणि काढल्यावर ठेवता कसा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवंय. थंडीत बटाटा येतो हो, पण होळीनंतर ऊन तापतं, जूनमध्ये भिंतींना ओल येते, आणि घरचा माल राखायचा खरा कस तेव्हाच लागतो. सुरुवात मीच करते.

राजारामपुरी, गच्ची

दसऱ्याला पोती भरायला घेते आणि दिवाळीच्या आगेमागे लावून टाकते. बटाटा पोसायला रात्र गार लागते, साधारण 15 ते 20 अंश. आपल्याकडं अशा रात्री थंडीचे तीनेक महिनेच मिळतात आणि पीक तर 90 ते 100 दिवसांचं. संक्रांतीनंतर लावलेल्याला पाला भरपूर येतो, खाली नुसत्या गोट्या.

नदीकाठची काळी माती एकटी वापरत नाही, ती आवळून बसते. तेवढंच कुजलेलं शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा मिसळते. पोतं निम्म्याहून कमी भरायचं, बेणं चार बोटं खोल ठेवायचं, रोप वीतभर झालं की देठ बुडेल अशी मातीची भर द्यायची. बटाटे मुळांना लागत नाहीत. जमिनीतल्या देठाला पांढरे धागे फुटतात, त्यांच्या टोकांना ते धरतात. भर कमी पडली की वरचे उघडे पडून हिरवे होतात. पोतं उंच करत नेलं की मजल्यामजल्यानं बटाटे मिळतात असं व्हिडिओत दाखवतात, त्याच्या नादी लागू नका. आपल्या लवकर येणाऱ्या जातींत तसं होत नाही.

पाला पिवळा पडला की पाणी तोडते, पाला जमिनीलगत कापते आणि आठ-दहा दिवस बटाटा मातीतच राहू देते. मग एक उकरून अंगठ्यानं चोळायचा. साल सुटली तर अजून थांबायचं, घट्ट बसली असेल तरच काढणी. टिकणं न टिकणं निम्मं इथंच ठरतं. काढलेला धुवायचा नाही. सावलीत, वाऱ्याला पसरून दहा-पंधरा दिवस सुकवायचा, म्हणजे खरचटलेल्या जागी नवी साल धरते.

शिरोळकडचा शेतकरी

ताई, बेण्याचं सांगतो. नवा काढलेला बटाटा लगेच लावून उगवत नाही, दोन-अडीच महिने झोपेतच असतोय. शीतगृहातला डोळं फोडतोय, पण खाण्याच्या मालावर कोंब येऊ नये म्हणून कधी कधी औषध मारलेलं असतंय, ते वळखू येत नाही. म्हणून बेण्याचाच घ्यावा. मंचरला पंजाबचं बेणं येतं, ओळखीतनं आणतो. ज्योती नाहीतर पुखराज. कुफरी ज्योती 1968 ची जात, शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची, अजून चालती. फोडी करत नाही. दिवाळीच्या आधी जमीन तापलेली असती, फोड कुजती. 30-40 ग्रॅमचं अख्खं बेणं बरं.

आता ठेवायचं. आमच्यात खरा वैरी पाकोळी, म्हंजे बटाट्यावरचा बारका पतंग. उघड्या बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालती, अळी आत बोगदा पाडती, तोंडाशी काळी घाण दिसली की समजायचं. म्हणून काढलेला माल रात्री रानात उघडा टाकायचा नाही. छपरीत सावलीला ढीग, खाली-वर घाणेरीचा वाळका पाला, वरनं उसाचा पाला. घाणेरीच्या वासानं पाकोळी लांब राहती. आमचे वडील हेच करायचे, आम्हीबी तेच करतो. कीड लागलेला एक जरी आत राहिला तर सगळा ढीग जातोय, म्हणून आधी निवडायचा.

मंगळवार पेठ, जुनं घर

सोप्यामागच्या अंधाऱ्या खोलीत बांबूच्या टोपलीत ठेवतो. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कधीच नाही. तिथं हवा मिळत नाही, घाम धरतो, आणि कापल्यावर बटाटा मधोमध काळा निघतो. कांदा दुसऱ्या कोपऱ्यात. आमच्या आज्जी दर शनिवारी टोपली उपसायच्या, मऊ पडलेला बाजूला काढायच्या. ती शिस्त अजून आहे. हिरवा पडलेला मात्र उकडून काही होत नाही, त्यातलं सोलॅनिन नावाचं विष शिजवल्यानं जात नाही. थोडा हिरवा असेल तर जाड सोलून घेतो, कडू लागला की टाकतो. लहान मुलांच्या ताटात तर नकोच.

उद्यमनगर

फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: भाजीला चालतो, पण गारठ्यानं त्यातल्या पिठाची साखर होते. गोडसर लागतो आणि तळला की काळपट लाल होतो. वेफर्स करायचे असतील तर आठ-पंधरा दिवस आधी बाहेर काढून ठेवा, बराच सुधारतो.

फुलेवाडी

डिसेंबरात ढग आले, दव वाढलं की पानांवर करपा येतो. खालची पानं काळी पडलेली दिसली की काढून लांब टाका, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या. एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) आधीच मारलेलं चांगलं, करपा पसरल्यावर फारसा उपयोग नाही.

कसबा बावडा

माझ्या सासूबाईंचा हिशेब सरळ आहे. मार्चअखेरपर्यंत जो घट्ट आहे तो टोपलीत, बाकीच्याचं वाळवण. मोठे बटाटे सोलून पातळ चकत्या पाडायच्या, पाणी निवळ होईपर्यंत धुवायच्या, उकळत्या पाण्यात तुरटी फिरवून जेमतेम अर्धवट शिजवायच्या आणि सुती लुगड्यावर एकेक सुटी पसरायची. लहान, वाकडे असतील त्यांचा कीस. दोन कडक उन्हं पुरतात. चकती मोडताना कट्टकन आवाज आला नाही तर तिसरं ऊन दाखवायचं, नाहीतर पावसाळ्यात डब्यात बुरशी धरते. सगळं जोतिबाच्या यात्रेआधी आटपतो, त्यानंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही. आषाढी एकादशीला हाच कीस तळून वर शेंगदाणे, तिखट-मीठ.

राजारामपुरी, गच्ची

घाणेरीचा पाला यंदा टोपलीत घालून बघते, दादा. पाला सावलीत वाळवायचा की उन्हात, तेवढं सांगा. आणि गगनबावडा, राधानगरीकडचं कुणी असेल तर लाल मातीत लावणी कधी करता आणि तिथल्या पावसात माल कुठं ठेवता, ते जरूर लिहा.