मदत हवी आहे: पावसाळ्यात बायो-एन्झाइमवर बुरशी

मंडळी, लादी पुसायला लिंबू-मोसंबीच्या सालींचं बायो-एन्झाइम (साली गूळपाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी) घातलंय. प्रमाण नेहमीचंच: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम साली, 1 लिटर पाणी. बाटली 2 लिटरची, प्लॅस्टिकची. काचेची गॅसने फुटू शकते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, 90 दिवसांनी गाळायचं. म्हणजे चवथीच्या साफसफाईला तयार.

पण जून-जुलैच्या दमट हवेत घोळ होतो. साली वर तरंगतात, पाण्याबाहेर राहिलेल्या टोकांवर आधी पांढरा पातळ थर येतो. तो यीस्टचा, ढवळला की मोडतो, त्याची काळजी नाही. नंतर मात्र हिरवे-काळे केसाळ ठिपके धरतात आणि आंबटगोड वासाऐवजी कुबट वास सुटतो.

विचारायचं ते हे. साली बुडवून ठेवायला वर काय दाबता? धातू नको, आम्लाने गंजतो. माडाचा गूळ कोणी वापरलाय का? आंबतो छान, पण महाग. शिवाय त्याच्या काळपट रंगाचे डाग पांढऱ्या लादीवर पडतात का? आणि काळी बुरशी धरलेली बाटली वरचा भाग काढून वाचवता येते, की सगळीच ओतून द्यावी?

नवीन करणाऱ्यांनी एवढं सांभाळा: हे आम्लयुक्त आहे, संगमरवरावर नको. आणि ब्लीचमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. तांब्या-पितळेची भांडी घासायला मात्र आपली बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं) आणि मीठच बरं.