माउंटन बाइकचा व्हिडिओ लईच हालतो, काय करावं?

मुरमाडवाट :
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरचा. रविवारी आम्ही तिघं अंधारातच सायकली गाडीत टाकून म्हैसमाळ गाठतो आणि वरनं खुलताबादच्या अंगाला मुरमाच्या पायवाटेनं उतरतो, कारण उन्हाळ्यात नऊच्या आत घरी नाही पोचलं तर भाजून निघतो. एक सेकंडहँड ॲक्शन कॅमेरा घेतलाय, आधी हँडलला लावला, तर कॅमेरा मिक्सरमधे टाकून फिरवल्यासारखा व्हिडिओ आला. मग हेल्मेटवर लावला, जरा बरा पण तरी चित्र थरथरतं, मधेच पुसल्यासारखं होतं अन् परत स्वच्छ. स्टॅबिलायझेशन फुल्ल चालू आहे. आईला दाखवला तर दोन मिनिटांत म्हणली बंद कर बाबा, मळमळायलंय. आता गिंबल (कॅमेरा मोटरीनं स्थिर धरणारा दांडा) घेऊ का? बजेट लई नाही.

बालाघाटी :
गिंबल नको घेऊस भाऊ. चालताना धरायला तो भारी असतो, पण दगडाचा दणका बसला की त्याच्या मोटरी गडबडतात, आणि पडलास तर पैसे पाण्यात. दोस्ताला खाली उभं करून शूट घ्यायचं असेल तरच कामाचा.

हँडल तर पहिलं सोड. पुढच्या चाकाचा फोर्क खालचे मोठे दणके खातो पण बारीक खडखड हँडलपर्यंत येतेच, आणि सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीनं वाचतो म्हणून त्या खडखडीत सगळं जेलीसारखं डुलतं. छातीचा पट्टा घे. गुडघे कोपरं ढिली ठेवलीस की तुझं अंगच सस्पेन्शन आहे, वरनं हँडल आणि हात दिसतात म्हणून बघणाऱ्यालाबी वेग कळतो. हेल्मेटवर काय होतं, आपण सारखे इकडं तिकडं बघतो, आपल्याला कळत नाही पण व्हिडिओत मान हालतच राहते.

एक चूक मी दोन महिने केली ती सांगतो. मांजरसुंब्याकडं जायचो तेव्हा घरी आरशासमोर ताठ उभं राहून कॅमेरा सरळ लावायचो, आणि उतारावर कमरेतनं वाकलं की नुसतं पुढचं चाक अन् माती. अर्ध्या तासाचा व्हिडिओ, सगळा चाकाचा. तर सायकलवर उतारावर जसा वाकतोस तसा वाकून मग अँगल लाव, कॅमेरा तुला वाटतो त्याहून बराच वर तोंड करून पाहिजे. पट्टा घट्ट आवळ, शर्टावर ढिला राहिला तर तो वेगळाच नाचतो.

दगडगोटा :
वरचं सगळं बरोबर आहे पण मला वाटतं याचं दुखणं दुसरंच आहे. मधेच पुसल्यासारखं होतं म्हणतोस ना. शूट किती वाजता करतोस, सेटिंग काय आणि लेन्सवर काही लावलंय का?

मुरमाडवाट :
सहाच्या आसपास सुरू करतो दादा, तेव्हा सूर्य डोंगराआड असतो आणि सुरुवातीला झाडीच झाडी. 4के 30 (सेकंदाला 30 फ्रेम), बाकी सगळं ऑटो. आणि हो, एनडी 16 फिल्टर लावलाय, एका व्हिडिओत बघितलं होतं की सिनेमासारखं दिसतं 😅

दगडगोटा :
सापडलं बघ. एनडी 16 म्हणजे सोळावा हिस्साच उजेड आत येतो, आणि तू आधीच अंधारात. मग कॅमेरा बिचारा काय करणार, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, 30 फ्रेमला पार 1/30 सेकंदापर्यंत खाली येतो.

आता हे नीट समजून घे. स्टॅबिलायझेशन काय करतं तर पूर्ण फ्रेमच्या आतला एक तुकडा वापरतं, कॅमेरा किती हालला ते जायरो (आतला हालचाल मोजणारा सेन्सर) सांगतो, तितका तो तुकडा उलटा सरकवतं आणि कडा कापून टाकतं. म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंतचं हालणं गेलं. पण शटर उघडं असतानाच दणका बसला तर त्याचा फरकाटा त्या एका चित्रातच उमटतो, तो कुणाचा बापबी काढू शकत नाही. मग होतं काय, चित्र जागेवर बसलेलं पण एक फ्रेम धुरकट एक फ्रेम स्वच्छ. आईला मळमळलं ते त्याच्यानं.

फिल्टर काढून डब्यात ठेव. ते सिनेमावालं गणित कॅमेरा स्थिर असतो तेव्हाचं. 60 फ्रेमवर ये, शटर किमान 1/240 धर, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची सेटिंग) 1600 पर्यंत जाऊ दे, थोडे दाणे दिसले तर दिसू दे. आणि जमलं तर अर्धा तास उशिरा उतर.

गोप्रोच्या फायलीत जायरोचा डेटा असतो, तुझ्याकडं तसला कॅमेरा असेल तर जायरोफ्लो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करून वाइडमधे शूट करायचं आणि घरी कॉम्प्युटरवर निवांत स्थिर करायचं. पण फरकाटा त्यातबी जात नाही, शटर आधी.

सराटे_पंक्चर :
टायरमधे हवा किती आहे ते कुणी विचारलंच नाही 😂

मुरमाडवाट :
60 पीएसआय असंल. पंक्चरवाल्याकडं भरतो, तो म्हणला काट्याचा रस्ता आहे तर टाइट ठेवा.

सराटे_पंक्चर :
अरे देवा. बाभळीचा काटा 60 ला बी घुसतो आणि 30 ला बी घुसतो, त्याला काय फरक पडत नाही. टाइट टायर प्रत्येक खड्यावरनं उडतो, तो दणका तुझ्या छातीपर्यंत येतो, मग कॅमेरा कुठंबी लाव. सव्वादोन इंची टायर असेल तर ट्यूबवर 35 पासून सुरू कर आणि दर राइडला दोन दोन कमी करत बघ. लई खाली नको, दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात शेजारीशेजारी. ट्यूबलेस करून सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) टाकलं तर अजून खाली जाता येतं, सराट्यांचा ताप पण जातो.

आणि मोबाइल चुकूनबी हँडलला लावून शूट करू नकोस. असल्या कंपनांनी त्याच्या कॅमेऱ्यातलं लेन्स हालवणारं यंत्र बिघडतं, आयफोनसाठी ॲपलनं 2021 साली मोटरसायकलच्या बाबतीत तसा इशाराच दिला होता.

मुरमाडवाट :
या रविवारी करून आलो. फिल्टर काढला, 60 फ्रेम, शटर 1/240, हवा 34, दोस्ताचा छातीचा पट्टा. सुरुवातीला झाडीतलं जरा दाणेदार आलंय पण खाली उघड्या माळावर तर खडा न् खडा मोजून घ्या. पट्ट्याचं बकल किरकिर वाजायचं, तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घातला, गप्प बसलं.

आता एकच आहे, माझ्या धापा टाकण्याचा आवाज लई येतो. आईनं पूर्ण व्हिडिओ बघितला आणि म्हणली, एवढा दम लागतो तर जातोस कशाला.

बालाघाटी :
आवाज म्यूट करून दाखवत जा 😄