भाड्याच्या खोल्यांत धुराचा अलार्म: लावायचा कुणी, सांभाळायचा कुणी?

लातूर_मालक: ट्यूशन एरियात घर आहे. वरच्या दोन मजल्यांवरच्या ८ खोल्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्यात, काही खोल्यांत इंडक्शन चालतं. एका पालकानं धुराचा अलार्म मागितला. कायद्यानं लागतो का? आणि लावल्यावर बघायचं कुणी?

नियम_वाचक: भाऊ, १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या साध्या राहत्या घरात खोलीखोलीत डिटेक्टर (धूर ओळखणारं यंत्र) लावण्याची सक्ती राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ करत नाही. पण ८ खोल्या वेगवेगळ्या पोरांना दिल्या की ते वसतिगृहाच्या वळणावर जातं, म्हणून महापालिकेच्या अग्निशमन विभागाला लेखी विचारा. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा जबाबदारी मालक आणि भोगवटादार (जागा वापरणारा) दोघांवर टाकतो. सक्ती नसली तरी लावाच. झोपेत वास कळत नाही, धुरानं जाग येईलच असं नाही.

वायरिंगवाला_नांदेड: घेतानाच फसगत होते. दुकानात स्वस्तात मिळतं ते बहुतेक दोन वायरचं डोकं, म्हणजे नुसता धूर ओळखणारा भाग. त्याला २४ व्होल्टचं पॅनल (अलार्म चालवणारी पेटी) लागतं. नुसतं छताला बसवलं तर ते कधीच वाजणार नाही. आत बॅटरी आणि भोंगा असलेला 'स्टँडअलोन' फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या झोतानं धूर ओळखणारा) घ्या, म्हणजे लाईट गेली तरी चालतो. खोलीला एक आणि दोन्ही मजल्यांच्या जिन्यापाशी एकेक, असे १० नग. छताच्या मध्याकडे लावा, पण पंख्याच्या पात्यांपासून निदान १ मीटर लांब, कोपऱ्यात नको. इंडक्शनपासून ३ मीटर अंतर हवं. खोली तेवढी नसेल तर स्वयंपाक एका सामायिक ओट्यावर न्या आणि तिथं उष्णतेवर चालणारा डिटेक्टर लावा. रोज फोडणीला बोंबलणारा अलार्म पोरं आठवड्यात काढून ठेवतात, मग सगळा खर्च वाया.

लातूर_मालक: वरच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत, तिथं?

वायरिंगवाला_नांदेड: उन्हाळ्यात पत्र्याखाली तापल्या हवेचा थर राहतो आणि धूर त्याच्या खालीच अडतो. तिथं आतल्या भिंतीवर, वरून १० ते ३० सेंमी खाली लावा. खोक्यावरचं कमाल तापमानही बघून घ्या.

करारनामा_परभणी: लिव्ह अँड लायसन्सच्या करारात स्पष्ट लिहा. बसवणं, बॅटरी आणि जुना झाल्यावर अख्खा नग बदलणं मालकाकडं. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबणं, त्यावर कपडा न टाकणं, बिघाड लगेच सांगणं राहणाऱ्याकडं. पोरगं १८ च्या आत असेल तर सही पालकाची घ्या. बॅटरी मात्र पोरांवर सोडू नका: ती संपत आली की अलार्म थोड्या थोड्या वेळानं 'टिक' करतो, आणि रात्री झोपमोड झाली की ती काढून ठेवली जाते. खोली ताब्यात देताना दोघांसमोर वाजवून बघा, यादीत तारीख टाका.

उन्हाळ्यात फुफाटा बसतो, मृगाच्या पावसात बारीक किडे आत शिरतात. विनाकारण वाजायला लागला तर आधी मऊ ब्रशनं जाळी साफ करा. नगाचं आयुष्य साधारण १० वर्षं, तेही मागं छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून. तुम्ही बसवला त्या दिवसापासून नाही.