जुनी गाडी की कमी जुनी? तुमचे अनुभव लिहा

दोन सेकंड हँड गाड्या हेरून ठेवल्यात. एक १९८९ ची, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), काचा हाताने फिरवायच्या. दुसरी २०१४ ची, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅगा, सगळं आहे. दोन्ही चालवून पाहिल्या. पहिलीचं जे काही दुखतंय ते हातापायांना लगेच कळतं. दुसरी घुमी, फार झालं तर एक पिवळा दिवा लावते. घरात दोन तट पडलेत. दोन्ही जमान्यांतल्या गाड्या वापरलेल्यांनी लिहा. 'नवीच घ्या' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

*

आठ वर्षं कार्ब्युरेटरवाली वापरली. थंडीत चोक (थंड इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त देणारी कळ) ओढायचा, स्टार्टर मारायचा, इंजिनाने जीव धरला की चोक हळूहळू आत. घाई केली की पेट्रोलचा वास, म्हणजे प्लग ओले. मग चोक बंद, पेडल तळापर्यंत दाबून पुन्हा स्टार्टर. (हे बायकोला पहिल्या झटक्यात जमायचं, मला शेवटपर्यंत नाही.) एकदा भर रात्री बंद पडली. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगना ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग) पॉइंट काळे पडले होते. नखं घासायच्या कानशीने साफ केले, मधली फट व्हिजिटिंग कार्ड घालून बसवली आणि घरी आलो. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की नुसतं प्लास्टिकचं झाकण दिसतं.

*

माझी २०१२ ची. घेताना स्वतः स्कॅनर लावला (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र), एकही कोड नाही. खूश! चौथ्या दिवशी इंजिनाचा दिवा लागला. कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नाही. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले होते, हे मेकॅनिकने सांगितलं तेव्हा उजेड पडला. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात आणि बरंच चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. म्हणून स्कॅनरवर कोडच्या शेजारी 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे त्या चाचण्यांची यादी, बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर समजा, नुकतंच कोणीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीये. मी ते पानच उघडलं नव्हतं.

*

थोडक्यात लिहितो. टायरवरचे चार आकडे वाचा: ३५१२ म्हणजे २०१२ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावून बघा. चिकटत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे, म्हणजे पोचा किंवा गंज झाकलाय.

*

'जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून सुरक्षित' हे कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू एकमेकींवर आदळवल्या, ताशी साधारण ६४ किमीने. बेल एअरची केबिनच चेपली. मालिबूचं नाक गेलं, पण चालकाची जागा शाबूत राहिली. माझा स्वतःचा अनुभव एवढाच: ओल्या रस्त्यावर जुन्या गाडीची चाकं लॉक होऊन मी सरळ कठड्यावर गेले होते. नंतर घेतलेल्या एबीएसवाल्या गाडीत तशाच वेळी ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी वळली. चोकची मजा मान्य. पण मुलांना घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. २०१४ वाल्याला फोन करून म्हटलं, स्कॅनर घेऊन येतो. म्हणाला, या. १९८९ वाल्या काकांना विचारलं, पत्र्याला चुंबक लावून बघू का? म्हणाले, "डावा मागचा दरवाजा सोडून कुठेही लावा."